‘यात काही निघतं का बघ’

पत्र:

मॅडम, संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं माझं पहिलं वर्ष संपलं. मार्क चांगले आहेत. क्रॅमर-राव असमानता झोपेतून उठवून विचारली तरी सिद्ध करून दाखवीन. पण गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीनं एक एक्सेल शीट पाठवली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले ४० रुग्ण, प्रत्येकाच्या दहा भेटी, दर भेटीला गुडघा किती अंश वाकला त्याची नोंद, आणि दोन व्यायामप्रकारांपैकी कोणता दिला ते. काही रकाने रिकामे. “यात काही निघतं का बघ,” एवढंच म्हणाली. मी टी-टेस्ट लावली, म्हणजे दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी. पी-व्हॅल्यू ०.००१ आली, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारात एक. ताई खूश झाली. मला मात्र आपण नेमकं काय केलं हेच कळेना. मला पुढे प्रत्यक्ष कामात जायचंय, प्राध्यापकी करायची नाही. वर्गातले दोघं-तिघं हे शिक्षण अर्धवट टाकून डेटा सायन्सच्या छोट्या कोर्सला गेले. सिद्धांताच्या पेपरांत माझा वेळ वाया जातोय का? पीएच.डी. करावी का? आणि प्रबंधासाठी गाइडनी सिम्युलेशनचा (संगणकावर कृत्रिम डेटा बनवून पद्धती पारखण्याचा) विषय सुचवलाय, तो घेऊ का?

– गोंधळलेली

उत्तर:

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मला त्यातलं सगळ्यात आशादायक वाटलं ते ‘नेमकं काय केलं हेच कळेना’ हे वाक्य. पी-व्हॅल्यू ०.००१ दिसली की भलेभले तिथेच लॅपटॉप बंद करतात. तू अस्वस्थ झालीस. तेव्हा आधी त्या शीटबद्दलच बोलू. तुझ्या पुढच्या वर्षाचा निम्मा अभ्यास तिच्यातच आहे.

पहिली गोष्ट हिशेबाची. तू ४०० ओळी म्हणजे ४०० स्वतंत्र निरीक्षणं धरलीस. माणसं चाळीसच आहेत. ज्याचा गुडघा दुसऱ्या भेटीला चांगला वाकला त्याचा तिसऱ्या भेटीलाही बहुधा चांगलाच वाकणार, म्हणजे त्याची दहावी नोंद पहिल्या नऊ नोंदींच्या मानानं फारसं नवं काही सांगत नाही. एका माणसाच्या दोन नोंदींमधला सहसंबंध ०.५ आहे असं धर आणि रिकामे रकाने घटकाभर विसर. नमुना-सर्वेक्षणाच्या पेपरात शिकलेला डिझाइन इफेक्ट आठव, म्हणजे नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे विचरण किती पट वाढतं तो आकडा: १ + (१० − १) × ०.५, म्हणजे ५.५. चारशे भागिले साडेपाच, साधारण ७३. तुझ्या हातात चारशे नोंदींचा नाही, सुमारे ७३ नोंदींचा ऐवज होता. पी-व्हॅल्यू ०.००१ म्हणजे साधारण ३.३ चं झेड (फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा), त्याला ५.५ च्या वर्गमुळानं भाग, १.४ उरतात. पी-व्हॅल्यू ०.१६ च्या आसपास गेली! ताईचा आनंद टिकायला हवा असेल तर आधी मिक्स्ड मॉडेल, म्हणजे एकाच माणसाच्या नोंदींमधलं नातं हिशेबात धरणारं मॉडेल, लावून बघ.

आता सिद्धांताच्या पेपरांचा प्रश्न निम्मा सुटला का? टी-टेस्टचं बटण कुणालाही दाबता येतं. ते दाबताना कोणतं गृहीतक मोडलं आणि त्यामुळे उत्तर कोणत्या बाजूला झुकलं, हे ज्याला सिद्धता माहीत आहे त्यालाच दिसतं. वर्गात तू विचरणाचं (व्हेरिअन्सचं) सूत्र सोडवलंस तेव्हा सहविचरणाच्या, म्हणजे दोन नोंदी किती बरोबरीनं वरखाली होतात ते मोजणाऱ्या पदांवर काट मारलीस, आठवतंय? ‘निरीक्षणं स्वतंत्र आहेत म्हणून ही पदं शून्य.’ मावसबहिणीच्या शीटमध्ये ती पदं शून्य नाहीत, एवढंच झालंय.

दुसरी गोष्ट हिशेबाची नाही, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. ती शीट तयार कशी झाली, हे तुला ठाऊक नाही. रिकामे रकाने का रिकामे? गुडघा बरा झाला म्हणून रुग्ण यायचा थांबला, की दुखणं असह्य झालं म्हणून? दोन्हींत रकाना सारखाच रिकामा दिसतो आणि निष्कर्ष उलटे निघतात. कुठे शून्य अंश लिहिलंय का? चालून आलेल्या माणसाचा गुडघा शून्य अंश वाकतो हे पटण्यासारखं नाही. बहुधा त्या दिवशी मोजायचं राहिलं असेल आणि कुणीतरी शून्य टाकून दिलं असेल. मोजणारी व्यक्ती दर वेळी तीच होती का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: अमक्याला पहिला व्यायाम आणि तमक्याला दुसरा, हे ठरवलं कुणी? तुझ्या ताईनंच ठरवलं असेल आणि ज्यांचा गुडघा आधीच बरा होता त्यांनाच तिनं अवघड व्यायाम दिला असेल, तर अवघड व्यायामाचा ‘परिणाम’ उत्तम दिसणारच. कितीही भारी मॉडेल लाव, ही गोष्ट शीटमध्ये लिहिलेली नसल्यामुळे मॉडेलला ती कळणार नाही. फोन करून विचारावी लागते.

नसलेल्या ओळींनी केवढा घात होतो याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर अंतराळयान उडवायचं की नाही यावर चर्चा चालली होती, कारण थंडी कडाक्याची पडणार होती आणि रॉकेटच्या जोडांमधली रबरी कडी, ओ-रिंग, थंडीत नीट बसतील का अशी इंजिनिअरांना शंका होती. आधीच्या उड्डाणांपैकी ज्या सातांमध्ये या कड्यांना इजा झाली होती, त्यांची तापमानं बघितली गेली. त्यात ५३ अंश फॅरनहाइटचं उड्डाण होतं, तसंच ७५ चंही होतं. मग तापमानाचा काय संबंध? यान उडालं आणि सात अंतराळवीर गेले. चौकशी आयोगानं नंतर तोच आलेख पुन्हा काढला, पण या वेळी ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नव्हतं तीही त्यात घातली. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानात झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत इजा. ६५ च्या खालच्या चारही उड्डाणांत इजा. आणि त्या सकाळचा अंदाज होता ३१ अंशांचा. हे दिसायला लॉजिस्टिक रिग्रेशनही लागत नाही. ‘बाकीची उड्डाणं कुठे आहेत?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

आता तिसरी गोष्ट. ‘यात काही निघतं का बघ’ हा प्रश्नच नाही, आणि तू त्यावर उत्तर द्यायला बसलीस. प्रत्यक्ष कामात तुला येणाऱ्या दहापैकी नऊ मागण्या याच वाक्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या असतील. ‘डेटा भरपूर पडलाय, काहीतरी करा.’ ‘साहेबांना ट्रेंड हवाय.’ त्यातून खरा प्रश्न बाहेर काढणं हे आपलं काम आहे, आणि कोणत्याही अभ्यासक्रमात त्याला क्रेडिट नाहीत. ताईला विचार: उत्तर ‘पहिला व्यायाम बरा’ असं आलं तर तू उद्यापासून काय बदलशील? ‘दोन्ही सारखे’ असं आलं तर? किती अंशांचा फरक पडला तर रुग्णाला तो जाणवतो, जिना उतरताना, खाली बसताना? ती म्हणाली की दहा अंशांच्या खालचा फरक मला बिनमहत्त्वाचा, तर तुझं सगळं विश्लेषण त्या दहाभोवती उभं राहील आणि पी-व्हॅल्यू मागच्या बाकावर जाईल. आणि दोन्ही उत्तरांनी काहीच बदलणार नसेल, तर ते काम न करणं हासुद्धा एक सल्लाच आहे.

तू जी टी-टेस्ट वापरलीस तीसुद्धा अशाच कुणाच्या तरी प्रश्नातून आली. विल्यम गॉसेट १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून लागला. जव आणि हॉप्सचे नमुने तपासायचे, पण दर वेळी हाताशी चार-सहाच मोजमापं असायची आणि त्या काळची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी. १९०६-०७ मध्ये तो लंडनला कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्याचा निबंध आला. त्याला वितरण शोधायची हौस नव्हती. इतक्या थोड्या मोजमापांवर कितपत विसंबायचं, हे त्याला कामापुरतं हवं होतं.

म्हणून पुढच्या वर्षासाठी माझा सल्ला एकच आहे, बाकीचे त्याचे फाटे: डेटासेट शोधू नकोस, प्रश्न असलेला माणूस शोध. इंटरनेटवर स्वच्छ, नावाजलेले, हजारोंनी वापरलेले डेटासेट पैशाला पासरी आहेत. त्यांवर मॉडेलं लावून तू कोडिंग शिकशील, पण ‘शून्य का लिहिलंय?’ हे विचारायला तिथे कुणी नसतं. तुझ्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, वैद्यक, शेती अशा विभागांत प्रबंध लिहिणारे विद्यार्थी संख्याशास्त्रज्ञाच्या शोधात वणवण करत असतात. त्यातला एक गाठ. शक्यतो असा, ज्याचा डेटा अजून गोळा व्हायचा आहे. रोनाल्ड फिशर १९३८ च्या एका अध्यक्षीय भाषणात म्हणाला होता की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बऱ्याचदा शवविच्छेदन करायला सांगण्यासारखं. प्रयोग कशानं मेला एवढं तो फार तर सांगेल. तू आधी पोचलीस तर नमुना किती घ्यायचा, कुणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून कसं ठरवायचं, रिकामा रकाना आणि शून्य वेगळं कसं लिहायचं, हे सगळं तुला ठरवता येईल. त्यात जे शिकशील ते प्रयोगरचनेचा पेपर दोनदा देऊनही शिकणार नाहीस.

तिथे काम करताना दोन सवयी लाव. डेटा उघडण्याआधी काय तपासणार, कोणतं मॉडेल लावणार, मुख्य निष्पत्ती कोणती, हे एका पानावर लिहून त्या माणसाला दाखव. औषधांच्या चाचण्यांत तर हे बंधनकारकच मानलं जातं. विश्लेषणाचा आराखडा चाचणीचे गट उघड होण्याआधी पक्का करावा लागतो. आणि शेवटी दोन पानांचा अहवाल त्याच्या भाषेत लिही. ‘नल हायपोथेसिस (फरक नाही हे गृहीतक) फेटाळलं’ असं त्यात नको. ‘पहिल्या व्यायामानं गुडघा सरासरी ४ अंश जास्त वाकलेला दिसतो, पण या डेटावरून हा फरक उणे २ पासून १० अंशांपर्यंत कुठेही असू शकतो, तेव्हा एवढ्यावरून व्यायाम बदलू नये’ असं हवं. (हे आकडे मी नमुन्यादाखल घेतलेत, ताईला पाठवू नकोस.) माझ्या अनुभवात चांगले मार्क असलेली मुलं नोकरीत अडखळतात ती याच दोन पानांवर. मॉडेल बरोबर असतं. वाचणाऱ्याला त्याचं काय करायचं ते कळत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल खास निवेदन काढलं. पी-व्हॅल्यूवरून परिणाम किती मोठा किंवा किती महत्त्वाचा ते ठरत नाही, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. निवेदन छोटं आहे, वाचून काढ.

असा माणूस लगेच मिळाला नाही तर दुसरी वाट: छापून आलेला एखादा निबंध घे आणि त्यातले आकडे स्वतः पुन्हा काढून बघ. याला कमी लेखू नकोस. थॉमस हर्नडन हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता. वर्गातल्या गृहपाठासाठी त्यानं राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध घेतला. सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असा त्यातला आकडा जगभर काटकसरीच्या धोरणांसाठी वापरला जात होता. गड्याला तो आकडा काही केल्या मिळेना. शेवटी लेखकांनी त्याला मूळ एक्सेल फाइल पाठवली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या! शिवाय काही वर्षं वगळलेली आणि देशांना दिलेलं वजन वादग्रस्त. हे सगळं धरून त्यानं आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये काढलेला आकडा होता अधिक २.२ टक्के. तुझ्या हाती असं घबाड लागेलच असं नाही, पण दुसऱ्याचा आकडा जुळवताना त्यानं घेतलेले न सांगितलेले निर्णय एकेक करून उघडे पडतात, आणि तेच शिकायचंय.

कोणते विषय घ्यावेत हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. लिनिअर मॉडेल्स मुळापासून. प्रयोगरचना आणि नमुना-सर्वेक्षण, हे दोन पेपर ‘जुनाट’ म्हणून मुलं टाळतात आणि नोकरीत गेल्यावर हळहळतात. जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्स, मिक्स्ड मॉडेल्स, सर्व्हायव्हल, अपुऱ्या डेटाचं विश्लेषण. बेझियन पद्धती जमल्यास जरूर. मेझर थिअरीत पुढे संशोधन करायचं नसेल तर पास होण्यापुरती कर, मला तिच्याबद्दल काही तक्रार नाही. मशीन लर्निंगचा एक पेपर घे, पण त्याआधी वरचे.

सॉफ्टवेअरचं फार मनावर घेऊ नकोस. आर किंवा पायथन, दोघांपैकी एक नीट आणि दुसरं वाचता येईल इतपत. औषध कंपन्यांत जायचं तर सॅस. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, मात्र प्रत्येकाला यायलाच हवी, कारण कामावर डेटा कुणी ताटात वाढून देत नाही, टेबलं जोडून काढावा लागतो. आणि कच्च्या फाइलला हात न लावता सगळी साफसफाई कोडमध्येच करायची, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर तोच आकडा पुन्हा काढता येतो. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनिक आकडेवारीतून गळाले, कारण एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढचं काही मावत नाही. फाइल उघडल्यावर ओळी मोजायच्या आणि पाठवणाऱ्याकडच्या आकड्याशी ताडून बघायच्या. इतकं साधं.

डेटा सायन्सच्या कोर्सला गेलेल्या मित्रांचं काय? त्यांतल्या काहींना तुझ्याआधी नोकरी लागेल आणि तुला थोडं लागेल ते मनाला. त्यांना शुभेच्छा दे. छोट्या कोर्समध्ये साधनं शिकवतात, ती वाईट नसतात, आणि ती तुला सुट्टीत घरी बसूनही शिकता येतील. सहविचरणाची ती शून्य नसलेली पदं सुट्टीत स्वतःहून शिकणारं माणूस मी फारसं पाहिलेलं नाही.

पीएच.डी.बद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. नोकरीची भीती वाटते म्हणून पीएच.डी. करू नकोस; ती भीती चार-पाच वर्षं तिथेच थांबते आणि वय वाढल्यामुळे जास्त बोचते. तुला जे काम करावंसं वाटतं त्याच्या पंधरा-वीस जाहिराती वाच. औषधचाचण्यांत विश्लेषण आणि प्रोग्रॅमिंगसाठी पदव्युत्तर पदवीवर बऱ्याचदा भागतं, पण चाचणीची रचना करणाऱ्या, नियामक संस्थेसमोर बाजू मांडणाऱ्या जागांसाठी पीएच.डी. वारंवार मागितलेली दिसेल. नव्या पद्धती शोधायच्या असतील तर ती हवीच. शासकीय सर्वेक्षणं, बँका, कारखान्यांतलं गुणवत्ता नियंत्रण, संकेतस्थळांवरचे प्रयोग, इथे अनुभव जास्त चालतो. विमा क्षेत्रातलं ॲक्चुरीचं काम वेगळंच, तिथे त्यांच्या व्यावसायिक परीक्षांची स्वतंत्र शिडी आहे. एक-दोन वर्षं नोकरी करून मग पीएच.डी.ला आलेले विद्यार्थी मला जास्त आवडतात. आपल्याला कशाचं उत्तर हवंय हे त्यांना माहीत असतं. पण परत यायचं तर मधल्या काळात गणित गंजू देऊ नये, तेवढं मात्र खरं.

मुलाखतीत विचारतीलच: ‘तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा.’ तेव्हा अचूकता ९४ टक्के आली हे सांगणारे दिवसभरात ढीगभर येऊन गेलेले असतात. तू सांग की चारशे ओळींमागे चाळीस माणसं होती, हे माझ्या कसं लक्षात आलं, आणि त्यामुळे निष्कर्ष कसा बदलला. समोर संख्याशास्त्रज्ञ बसला असेल तर तो खुर्चीत पुढे सरकून पुढचा प्रश्न विचारेल.

राहिला प्रबंध. गाइडचा सिम्युलेशनचा विषय सोडू नकोस आणि जसाच्या तसा घेऊही नकोस. विषय काय आहे ते तू लिहिलेलं नाहीस, पण सिम्युलेशनमधले आकडे कुठून तरी आणावेच लागतात. ते ताईच्या शीटवरून आण: ४० माणसं, दहा भेटी, रुग्णागणिक सहसंबंध, भेटी चुकण्याचा नमुना. समजा बरे झालेले रुग्ण आधी यायचे थांबतात, तर मिक्स्ड मॉडेलचं उत्तर किती ढळतं? आणि दुखणारे थांबले तर? यात सिद्धांतही आला, सिम्युलेशनही आलं, आणि उत्तराची वाट बघणारी एक फिजिओथेरपिस्टही आहे. शीटमधून रुग्णांची नावं आणि फोन नंबर काढून टाकायला ताईला सांग, आणि ही माहिती अभ्यासासाठी वापरायला तिच्या संस्थेची आणि तुझ्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते का ते आधी विचारून घे. यात महिना-दोन महिने सहज जातात, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाक. गाइडकडे जाताना हे सगळं अर्ध्या पानावर लिहून ने. त्यांनी नाही म्हटलं तर त्यांचा विषय कर आणि ताईचं काम रविवारी कर. तिला मात्र आजच फोन करून सांग की ०.००१ वर अजून कुणाचा व्यायाम बदलू नको.